आईच्या पोटातलं विरजण

तेजूआत्या चंद्रावरच्या तळावरची स्वयंपाकिणीची नोकरी सोडून कायमची फलटणला माहेरी आली, ते २०६२ साल. त्याच वर्षी मृणूच्या आईला, वैदेहीला, दिवस गेले होते. आत्याने येताच स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. "डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात," असं तिने ठणकावलं आणि घरात रोज जिलबी नाहीतर बासुंदी होऊ लागली. मृणूने कानांची एवढी धास्ती घेतली, की तीच वाटी घेऊन आईमागे फिरायची.

सातव्या महिन्यात आरोग्य केंद्राची यंत्रसखी पारू तपासणीला आली. तिने आईचं वजन केलं, रक्तातली साखर पाहिली.

"वजन फार झपाट्याने वाढलंय. साखरही चढलीय. पंधरवड्यात खाली आली नाही, तर वैदेहीताईंना पुण्याच्या इस्पितळात ठेवावं लागेल."

मृणूने हातातली वाटी खाली ठेवली. आत्या मात्र फणकारली, "काहीतरीच! तिच्याबरोबर तेवढंच मीही खाते. माझा काटा हलला का?"

"चढा, सांगते," पारू म्हणाली.

आत्या तोऱ्यात चढली. वजन खरंच मागच्या महिन्याइतकंच होतं.

खाणं एकच, मग असं का? मृणू नानांकडे, म्हणजे आजोबांकडे गेली. नानांचा जन्म जिवाणूंच्या अभ्यासात गेला होता. घरचं दूध मात्र ते अजून स्वतःच विरजायचे.

"हे बघ," दुधात बोट बुडवून ते म्हणाले, "चमचाभर विरजणात कोट्यवधी जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव) असतात. दूध तेच, पण विरजण कसं आणि दूध किती कोमट, यावर दही ठरतं. आपल्या आतड्यातही असं विरजण आहे. त्याला सूक्ष्मजीवसृष्टी (पोटात नांदणारं जिवाणूंचं गाव) म्हणतात."

"आईचं विरजण वेगळं आहे?"

"गरोदरपणात ते बदलतं. शास्त्रज्ञांनी गरोदर बायकांच्या पोटातले जिवाणू उंदरांना दिले होते. काही उंदरांना पहिल्या महिन्यांतले, काहींना शेवटच्या. खाणं सारखंच. तरी शेवटच्या महिन्यांतले जिवाणू मिळालेल्या उंदरांची चरबी जास्त वाढली."

"म्हणजे ते जिवाणू वाईट?"

"छे गं! ती बाळासाठी बेगमी असावी. पण दूध जास्त तापलं की दही फसतं ना? तसंच वजन प्रमाणाबाहेर वाढलं, की त्या गावातली काही कुळं माजतात, काही मागे पडतात. मग साखर आवरणं अवघड होतं. वजन जिवाणूंना बदलतं, जिवाणू वजनाला. आधी कोण, हे मलाही नीट उलगडलेलं नाही. आणि बाळाला पहिलं विरजण बहुतेक आईकडूनच मिळतं."

"मग जिलबी?"

"ती वरच्या आतड्यातच शोषली जाते, खालचं गाव उपाशीच. त्याला हवा चोथा (धान्या-भाज्यांतला आपल्याला न पचणारा भाग)."

मृणूने हळूच विचारलं, "आणि बाळाचे कान?"

नाना हसले नाहीत. "कानांचा नि जिलबीचा काही संबंध नाही. माझा शब्द."

मृणू तडक आईकडे गेली. "आई, तुला खरंच काय खावंसं वाटतं?"

"खरं सांगू? ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. जिलबीला कंटाळलेय मी. तू वाटी घेऊन उभी राहायचीस, म्हणून खायचे."

"मग बोलायचं नाही का, बाई!" आत्याने कपाळावर हात मारला आणि लगेच तवा चढवला.

भाकरी, उसळ, पालेभाजी, नानांचं दही आणि संध्याकाळचं चालणं सुरू झालं. वजन उतरलं नाही, उतरवायचंही नव्हतं. वाढीचा वेग मात्र ताळ्यावर आला. साखरही उतरली आणि पारूने पुण्याचं नाव काढलं नाही.

अद्वय फलटणलाच जन्मला. आत्याने आधी त्याचे कान पाहिले. दोन्ही कोरडे ठणठणीत.

त्याला विरजण लावायला नानांनीच शिकवलं. आधी वजन की आधी जिवाणू, हे नानांचं अडलेलं कोडं मृणूने पुढे अभ्यासाला घेतलं आणि त्याचं एक टोक तिच्या हाती लागलंही आहे. नाना २०६८च्या फाल्गुनात वारले. त्या दिवशीचं दूध अद्वयने विरजलं.