सिद्रामची रिकामी ओळ

मोबाईल खाली ठेवा, मगच सांगतो. आन् ज्याला हे बंडल वाटंल त्यानं आत्ताच उठून जावं. ज्याच्या हातून हे झालं तो माझा सख्खा भाचा, मल्लिकार्जुन. मुरुमला कॉम्प्युटर दुरुस्त करतो.

दोन हजार सोळाचा दुष्काळ. पाडव्याची आदली रात्र, साडेआठ वाजलेले. गावातल्या नागप्पानं त्याला घरी बोलावलं. नागप्पाचा एकुलता एक सिद्राम दोन महिन्यामागं जळकोटजवळ ट्रकखाली गेलेला.

पोराला गेमचा नाद. नुसता खेळत न्हवता रं! गेममधली माणसं कुठं उभी ऱ्हाणार, काय बोलणार, हे एका फायलीत लिहिलेलं असतंय, हजेरीपटावानी ओळीला ओळ. ह्यानं ती फाईल उघडून ओळी बदलल्या, आन् गेममधी आपलंच घर बसवलं. दारात त्याची अव्वा, म्हंजे आई, इरम्मा. तिचं बोलणं पडद्यावर उमटायचं, "आलास व्हय रं? जेवलास?" त्याच्या खाली सिद्रामच्या उत्तराची ओळ. ती लिहायची ऱ्हायली, आन् पोरगंच गेलं.

इरम्मा रोज त्या पडद्यापुढं बसायची. उत्तर येत न्हवतं, म्हणून बाई जेवत न्हवती. पार वाळून गेलेली. बघवत न्हवतं बाबांनो.

"कायबी लिही बाबा," नागप्पानं हात जोडले, "पर ही जगली पायजे."

मल्लिकार्जुननं फाईल उघडली, "व्हय अव्वा, जेवलो" असं लिहिलं आन् गेम लावला.

इरम्मानं वाचलं. चौथी शिकलेली बाई.

"हे त्याचं न्हाय," ती म्हणाली. "माझ्याबिगर त्यो कधी जेवला न्हाय."

मेल्या पोराच्या नावावर आपण खोटं लिहिलं, ह्याची मल्लिकार्जुनला लाज वाटली. त्यानं ती ओळ पुसून टाकली.

तेवढ्यात लाईट गेली.

अंधार.

कीबोर्ड वाजला. टक्... टक्...

"कोण हाय?" मल्लिकार्जुननं विचारलं.

त्यानं मोबाईलचा उजेड मारला. नवरा-बायको भिंतीपाशी. खुर्ची रिकामी.

लाईट रातभर आली न्हाय. हा तिथंच बसून. उजाडता उजाडता पंखा फिरला. कॉम्प्युटर लावून त्यानं फाईल उघडली. पुसलेल्या जागी नवी ओळ होती.

"न्हाय अव्वा. लई भूक लागलीया."