गाळातली काठी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जिच्याबद्दल सांगतोय ती सृष्टी माझी मावसबहीण आहे. सोलापुरात, भवानी पेठेत राहते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी फिदीफिदी हसणारी तीच.

आता हसत नाही.

गेल्या चैत्रातली गोष्ट. जागा, उजनी धरणाच्या बॅकवॉटरच्या कडेचं करमाळ्याकडचं एक गाव. नाव मुद्दाम सांगत नाही, तिथे माणसं राहतात.

सृष्टीला फोटोंचा भारी नाद. माणसांचे नव्हे, पाण्याचे, माळाचे, आभाळाचे. सुट्टी काढून ती आणि तिचा नवरा युवराज कोकणात गेले. पण तिथे कुठल्याही किनाऱ्यावर कॅमेरा लावला की मध्येच कुणीतरी भेळ खात उभं. बाई वैतागली.

"येताना आत्याकडं थांबू की," युवराज म्हणाला. "आमच्या उजनीला बी किनारा हाय. अन् माणूस औषधाला सापडत नाही."

युवराजची आत्या म्हणजे केराबाई. पोचल्या पोचल्या तिने शेंगाचटणी, भाकरी वाढली. जेवण झाल्यावर युवराज गाडी धुवायला मागे गेला. सृष्टीने चांगल्या जागा कुठे आहेत ते विचारलं.

"जा की बांधाच्या पल्याड. लई पाखरं असत्यात," आत्या म्हणाली. "पर पोरी, तितं एक काठी रोवल्याली हाय, घोंगडीची चिंधी बांधल्याली. तिच्या फुडं पाऊल टाकायचं न्हाय. वरनं वाळल्यालं दिसतंय, आत समदा गाळ हाय. हितल्या मेंढरंवाल्या दगडाबाईचा मालक तितंच बुडून गेला, मेंढरू काढाया. त्येचीच काठी हाय ती. पाणी मागं सरंल तशी दगडाबाई ती फुडं नेऊन रोवती."

सृष्टीने हे सगळं ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

युवराजने नव्हतं ऐकलं.

दिवस कलायच्या सुमारास दोघं बांधावर पोचले. जागा खरंच दृष्ट लागण्यासारखी होती. भेगाळलेली जमीन, पलीकडे पाणी, पाण्यावर गुलाबी उजेड.

आणि बरोबर मधोमध... ती काठी.

फ्रेम साफ असावी, हा सृष्टीचा हट्ट. वाटेतली बाटली उचलेल, फांदी मोडेल. काठी तिच्या डोळ्यांत खुपायला लागली. दोन मिनिटांचं तर काम, परत लावू की, असं म्हणत तिने ती उपटली. युवराज गाडीतून पाणी आणायला गेला होता. काठी बांधाआड ठेवून ती माघारी फिरली, तिपाई लावली, झूम लेन्स चढवली.

फोटो आले. पण नुसतं पाणी आणि आभाळ. किती मोठं आहे, ते कळेना. फ्रेममध्ये एखादा माणूस हवा होता.

"अहो, जरा पुढं जाऊन उभं राहा की. पाठमोरे."

युवराज गेला. बिचारा सांगेल तसं करणारा.

"अजून जरा पुढं."

लांबच्या लेन्समधून अंतर कळत नाही. आणि काठी काढल्यावर, ती नेमकी कुठे होती, हेही कळत नाही.

तेवढ्यात पाखरांचा आवाज थांबला.

एकदम. सगळ्यांचा.

आणि फ्रेममध्ये... दुसरा माणूस होता.

डोक्यावरून घोंगडी घेतलेला, म्हातारा. युवराजच्या पुढ्यात उभा राहून दोन्ही हात हलवत होता. तोंड हलत होतं, पण आवाज काही येत नव्हता. सृष्टीला वाटलं, कुणी मेंढका असेल. इथेही आलाच एक कडमडायला!

ती ओरडली, "ओ बाबा! बाजूला व्हा की! मधी येताय!"

म्हाताऱ्याने हात खाली घेतले. एकदा तिच्याकडे पाहिलं.

आणि तो बाजूला झाला.

युवराजने पुढचं पाऊल टाकलं... आणि कमरेपर्यंत आत गेला.

त्याची किंकाळी अजून तिच्या कानांत आहे. ती धावली, पण जवळ जाताच तिचाही पाय आत जायला लागला. युवराज छातीपर्यंत रुतला. मग मेंढरांच्या घुंगरांचा आवाज आला. बांधावरून एक बाई पळत आली, आडवी झाली, अंगावरची घोंगडी फेकली. युवराजने टोक धरलं. दोघींनी जीव खाऊन ओढलं, तेव्हा कुठे तो बाहेर आला.

"पायाखाली काहीतरी आलं," तो म्हणाला. "खांद्यासारखं. त्याच्यावर पाय दिला, म्हणून वाचलो."

म्हातारा कुठेच नव्हता. युवराजला तो दिसलाच नव्हता.

ती बाई दगडाबाई होती. काठी जागेवर नाही, हे बघून तिने स्वतःच्या तोंडात मारून घेतलं.

"माजीच चूक, पोरी! म्या नीट रोवली नसंल. कुटंतरी पडली आसंल. तुजं कुकू पुसलं आसतं माज्या हातनं!"

आणि तिने सृष्टीचे पाय धरले.

तेव्हा बोलायला हवं होतं. काठी बांधाआड, चार हातांवर पडलेली होती. सृष्टीने फक्त मान खाली घातली. त्या रात्री जेवताना युवराज "बिचारी म्हातारी" म्हणत राहिला.

सोलापूरला परतल्यावर आत्याचा फोन आला. दगडाबाईने मेंढरं विकली होती. दिवसभर बांधावर काठी धरून बसते, पुन्हा कुणी जायला नको म्हणून. अन्नाला शिवत नाही.

सृष्टीला राहवेना. युवराजला न सांगता ती एकटीच एसटीने गेली.

दगडाबाई बांधावर होती. पार वाळली होती. सृष्टीने तिच्यापुढे बसून रडत रडत सांगितलं. काठी मी काढली. फोटोसाठी.

म्हातारी चिडली नाही.

"काठीचं जाऊ दे गं," ती म्हणाली. "तुजं माणूस वाचलं, बास. पर त्या दिसापास्नं आमचं धनी येईनात. रोज सांजच्याला हितं हुबं ऱ्हायचं. बोलायचं न्हाईत, नुसतं दिसायचं. तेवड्यावर माजा दिस जायाचा." तिने पदराने डोळे पुसले. "त्यास्नी हितनं कुणीतरी हाकाललंय बग. तुला काय दिसलं व्हतं का?"

सृष्टी म्हणाली, "नाही."

का म्हणाली, तिचं तिलाच ठाऊक नाही.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो होतो. दिवेलागणीची वेळ. घरात ओल्या लोकरीचा वास होता. चहा घेऊन येताना ती दारात थबकली, आणि अंग चोरून आत आली. जसं वाटेत कुणी उभं असावं...

तिनेच कप ठेवून हळू आवाजात सांगितलं.

"रोज हात जोडते रे. म्हणते, बाबा, जावा आता, दगडाबाई तितं वाट बघत्यात. ऐकतच नाहीत. नुसते बाजूला होतात."