ताब्याचा कागद

दुपारी तीनच्या सुमारास ताई शवागाराच्या खिडकीशी पोचली, तेव्हा कारकून जेवणाचा डबा धुऊन पालथा घालत होता. तिचं काम साधं होतं. दिलेली एक सही तिला मागे घ्यायची होती.

परवा तिचा धाकटा भाऊ गेला. आजारपणात त्याने एकच धोशा लावला होता, मेल्यावर मला कापू देऊ नकोस. ताईने त्याचा हात धरून शब्द दिला. तो गेल्यावर थोरल्याने, म्हणजे दादाने, दवाखान्याचा कागद म्हणून काहीतरी पुढे केलं. "वाचत काय बसतेस? सही कर, बाकीचं मी बघतो." तिने केली. काल मेडिकल कॉलेजचं आभाराचं पत्र आलं, देह विद्यार्थ्यांसाठी उद्या, म्हणजे आज, चार वाजता नेऊ. जाब विचारला तर दादा म्हणाला, मेलेल्याला कसलं आलंय दुखणं. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता, आणि केस तिच्याच डोक्यावरचा होता.

कारकून भला माणूस. गाडी येईपर्यंत नातेवाइकाला संमती मागे घेता येते, कायदाच आहे, असं त्याने समजावलं. "पण घाई करा. इथल्या पाहुण्यांना नसते, गाडीवाल्यांना असते."

तिने अर्ज लिहिला. तो लावायला कारकुनाने फाईल उघडली आणि थबकला. वर आधीच एक हरकत लावलेली होती. सकाळी तर नव्हती, तो पुटपुटला.

डावीकडे कललेलं अक्षर धाकट्याचं होतं. त्याच्या शाळेच्या वह्या तिनेच तपासल्या होत्या. कागद बर्फासारखा गार आणि शाई ओली.

कारकुनाने हळू आवाजात वाचलं, "मला कॉलेजला देऊ नये. दादाच्या ताब्यात देऊ नये. ताईच्याही..."

त्याला पुढे वाचवेना.

दोघं आतल्या थंड खोलीत गेली. औषधाचा उग्र वास, यंत्राची घरघर. एका बोटाने सरकणारा, धाकट्याचा देह ठेवलेला खण आज कारकुनाने दोन्ही हातांनी ओढला तरी हलेना. ताईने गार पत्र्याला गाल लावला.

"मी वाचलं नव्हतं रे... खरंच नव्हतं वाचलं..."

मग आतून सावकाश कडी सरकल्याचा आवाज आला.

कारकून दोन पावलं मागे सरला.

"ताई," तो म्हणाला, "या खणांना आतून कडी नसते..."