पेटीवरची विभूती

"ओ मॅडम... जरा दारातून बाजूला सरका की!"

मी इकडेतिकडे पाहिलं. दार सोडाच, जवळपास भिंतसुद्धा नव्हती. औशाच्या अलीकडचं सूर्यफुलाचं शेत, बांधाला एका ओळीत ठेवलेल्या पाच निळ्या पेट्या, आणि त्यांच्यापुढे कॅमेरा सावरत उभी मी. मावशीच्या स्कूटीवरून जाताना शेत दिसलं आणि कुणाला न विचारता आत शिरले होते. डोक्याभोवती मधमाश्या घोंघावत होत्या.

"कुठलं दार?"

"माश्यांचं! तुमी त्यांच्या उंबऱ्यात उभ्या हाव. बिचाऱ्या कवाच्या घरात जायला थांबून राहिल्यात."

मी दोन पावलं सरकले. माश्या भराभर पेटीत शिरल्या. बोलणारा पुढे आला... उन्हाने रापलेला, बाह्या दुमडलेला, हसू दाबणारा.

"चावली तर न्हाई ना एखादी?"

"नाही."

"मग आवडलाव तुमी त्यांना," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजून पेट्यांकडे बघायला लागला. मला तो तिथेच आवडला. खोटं कशाला बोलू?

त्याचं नाव मल्लिनाथ. शेत त्याचं, पेट्याही त्याच्याच. मी मंजुश्री, नांदेडला विद्यापीठात संशोधन करते. मधमाशी डोळ्यांनी काय पाहते आणि त्यावरून आपलं घर कसं शोधते, हे मला कॉम्प्युटरवर मांडायचं होतं. म्हणजे पेट्यांचे, शेताचे फोटो कॉम्प्युटरला द्यायचे आणि आत एक खोटी माशी सोडायची. ती खऱ्या माशीसारखी घरी पोचली, तर खरी कशी पोचते ते आपल्याला कळलं म्हणायचं.

मल्लिनाथने सगळं मन लावून ऐकलं.

"ही खोटी माशी मध देती का?"

"नाही."

"मग पाळताव कशाला?"

असं सुरू झालं आमचं. मी लातूरला मावशीकडे मुक्काम ठोकला आणि रोज सकाळी स्कूटी काढून शेतावर जाऊ लागले. लॅपटॉपच्या पडद्यावर ऊन पडू नये म्हणून तो छत्री धरून उभा राहायचा. त्याची आई, नीलम्माकाकू, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवायच्या. भाकऱ्या नेहमी दोन माणसांच्या असायच्या, आणि त्याला नेहमी नेमकी तेव्हाच भूक लागायची.

एकदा तो कुजबुजला, "मॅडम, ही माशी बघा... उलटी उडून राहिली!"

"नवी आहे. पहिल्यांदाच बाहेर पडतेय. नवी माशी निघाली की मागे वळते, घराकडे तोंड करून डावीउजवीकडे झुलते, सगळं नीट पाहून ठेवते. परत यायचं असतं ना तिला."

"आन् जुन्या?"

"जुन्यांना पाठ झालेलं असतं. त्या वळून बघत नाहीत."

"हाव का..." तो माझ्याकडे पाहत म्हणाला. मीच नजर खाली केली.

दोन महिने मजेत गेले. अडलं ते शेवटी. पहिल्या दोन पेट्या अगदी शेजारी शेजारी होत्या. खऱ्या माश्या बिनचूक आपापल्या पेटीत जायच्या, माझ्या खोट्या माश्या मात्र निम्म्या शेजाऱ्यांच्या घरी! नांदेडहून ज्योत्स्ना मॅडमचा, माझ्या गाईडचा, फोन आला. "शुक्रवारपर्यंत जमव. नाहीतर विषय बदल आणि निघून ये."

विषयाचं दुःख होतंच. पण 'निघून ये' ऐकल्यावर मला आधी आठवली ती छत्री, विषय नव्हे.

गुरुवारी मी रडवेल्या तोंडाने मल्लिनाथला पडद्यावरचे फोटो दाखवले. त्याने एका फोटोवर बोट ठेवलं.

"ही आमची पयली पेटी न्हाई."

"तुमचीच आहे!"

"मग हिची विभूती कुठाय?"

मी पेटीकडे पाहिलं. दाराच्या अगदी वर तीन आडवी पांढरी बोटं. काकू दर सोमवारी पहिल्या पेटीला विभूती लावायच्या, घरातल्या मोठ्या लेकराला लावावी तशी. आणि मी? फोटोतले ते पांढरे पट्टे डाग समजून पुसून टाकले होते. चारशे फोटो, एकेक करून, तेही चांगलं काम केल्याच्या समाधानात. आमच्या घरी अप्पा विभूती लावल्याशिवाय पाण्याला हात लावत नाहीत, आणि त्यांची लेक विभूतीला डाग समजते!

भाकरी घेऊन आलेल्या काकू हसून हसून खाली बसल्या. "माश्यांना कळलं गं बाई, शिकलेलीला कळलं न्हाई!"

पट्टे परत घातले आणि तिथेच लिंबाखाली खोट्या माश्या सोडल्या. तासाभराने आकडा आला. शंभरातल्या त्र्याण्णव आपल्या घरी!

मी ओरडलेच. मल्लिनाथने छत्री हवेत उडवली. मग त्याने ती उचलून आणली, हळूहळू मिटली.

"म्हंजे... झालं काम?"

"झालं. उद्या नांदेडला जाते."

कसली गंमत बघा, जमलं नसतं तरी जायचंच होतं. जमलं तर निदान दुःख होणार नाही, असं मला उगीच वाटत होतं. काकू भांडी आवरत राहिल्या. मी सामान उचललं, बांधावर आले आणि रोजच्यासारखं वळून पाहिलं.

तो मागेच आला होता, धापा टाकत.

"एक विचारू? दोन महिने येऊन राहिलाव. रस्ता पाठ हाय तुमाला. तरी रोज हितून वळून बघताव... का?"

"रस्त्यासाठी नाही बघत."

"मग?"

"तुमच्यासाठी."

तो इतका लाल झाला की मला हसू आलं.

"मी पण... छत्री काय नुसती लॅपटॉपसाठी धरून राहिलो न्हाई," तो कसाबसा म्हणाला. मग एकदम, "सोमवारी येताव का? पेटीला विभूती लावायला? आईचा गुडघा लई दुखतो."

मी मागे पाहिलं. काकू डोक्यावर पाटी घेऊन तरातरा घराकडे निघाल्या होत्या.

"कधीपासून दुखतो?"

"आत्तापासून."

"नांदेडहून एसटीने चार तास लागतात."

"मी औशाच्या स्टँडवर येऊन थांबतो. सकाळपासून."

"येईन," मी म्हणाले.

स्कूटी सुरू केली आणि निघाले. या वेळी मात्र मी वळून पाहिलं नाही. आता गरज नव्हती.

स्कूटीला आरसा असतो, ती गोष्ट वेगळी. त्यात तो दिसत होता, बांधावर, मिटलेली छत्री उंच धरून हलवत.