आधी एकट्याला गाठायचं

हॉस्पिटलची चादर घरच्या चादरीपेक्षा लवकर विरते. तिला रोज उकळत्या पाण्यातून जावं लागतं.

चॅपलमागच्या खोलीच्या दाराला कडी नाही. आतून नाही, बाहेरूनही नाही.

"बाबांना आत्ताच काही बोलू नकोस. त्यांनी सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना तुझी नोकरी पक्की म्हणून सांगून ठेवलंय." आई, फोनवर, दबक्या आवाजात.

राग आला की माझे कान लाल होतात. हे मला आरशाने सांगितलेलं नाही.

उशिरा येणाऱ्यांचं काय करायचं, ते आमच्या कॉलेजच्या सिस्टरांना बरोबर ठाऊक होतं.

तर तिथूनच. आमचं कॉलेज व्यवस्थापन शिकवणारं, पण दिवस सुरू व्हायचा तो चॅपलमधल्या प्रार्थनेने. पहिल्याच सकाळी मी धापा टाकत पोचले, तर प्रार्थना सुरू झालेली. दाराशी एक उंच मुलगा, वाजू नयेत म्हणून बूट हातात घेऊन उभा.

"आत जायचं की नाही?" मी विचारलं.

त्याने खांदे उडवले.

"बोलता येतं ना?"

"येतं," तो कुजबुजला. "पण वर देव ऐकतोय, आत सिस्टर ऐकतायत…"

मी हसले. मोठ्याने. आतली सगळी डोकी वळली. आमच्या डीन म्हणजे या सिस्टर. त्यांनी आमेन म्हटलं, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि निकाल दिला: हे दोघे यापुढे प्रत्येक कामात एका जोडीत.

मी त्याचं नाव घुम्या ठेवलं. त्याने माझं तोफ.

शेवटच्या सत्रात आमच्या जोडीला अभ्यासासाठी चादरी धुणारी कंपनी मिळाली. शहरातल्या हॉस्पिटलांचे कपडे धुऊन, इस्त्री करून पोचवणारी. नदीकाठचं जुनं धुलाईघर बंद करावं आणि सगळं काम हमरस्त्यावरच्या नव्या कारखान्यात न्यावं, अशी आमची शिफारस. आमची, हं. तीन महिने शेजारी बसून उभी केलेली. तो आकडे मांडायचा, मी वाक्यं. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत असायचं, त्याचं कोपर माझ्या कोपराला लागायचं, तो "सॉरी" म्हणायचा आणि कोपर तिथेच ठेवायचा. मीही माझं हलवायचे नाही… हे आठवलं की अजून चीड येते.

कंपनीच्या मालकांनी मला नियोजन विभागात घ्यायचं बोलून दाखवलं होतं. बाबांचं काम सुटल्यापासून घरचे सगळे त्या एका वाक्यावर जगत होते.

मग सादरीकरणाचा गुरुवार. मी बोलून संपवलं. मालकांनी मान डोलावली. सिस्टर खूश. आणि घुम्या उठून उभा राहिला.

"मला ही शिफारस पटत नाही," तो म्हणाला. "नव्या कारखान्यापर्यंत बस जात नाही. इस्त्रीवरच्या बायका आपणहून काम सोडतील, आणि आम्ही त्यांचा पगारच बचत म्हणून धरलाय. इथे आम्हाला प्रत्येक वर्गात विचारायला शिकवतात, या निर्णयाची झळ कोणाला बसणार आणि तो माणूस या खोलीत आहे का. तो नाहीये."

हा माणूस माझ्यासमोर सलग इतकं कधी बोलला नव्हता. मालकांनी फाइल मिटली.

"तुमच्या दोघांतच मेळ नाही," ते म्हणाले, "मग मला कशाला अक्कल शिकवता?"

आणि गेले.

मला तक्रार करायची होती. ती मान्य झाली, तर पुढच्या शुक्रवारी मालकांसमोर मला एकटीने पुन्हा मांडू देणार होते. घुम्याला अख्खं सत्र पुन्हा करावं लागलं असतं. करू दे. मी सिस्टरांच्या दारात उभी राहिले.

"त्याला भेटलीस?" त्यांनी विचारलं.

"मला त्याचं तोंड बघायचं नाहीये."

"नको बघूस. ऐक फक्त."

कॉलेजचा नियमच तो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याला आधी एकट्याला गाठायचं. ही प्रभूने शिष्यांना घालून दिलेली रीत. त्यात सिस्टरांनी पदरची भर घातलेली: दोघांनी एकमेकांचं गाऱ्हाणं आपल्या तोंडाने सांगायचं, समोरचा "हो, असंच" म्हणेपर्यंत. त्यानंतर समेट करा आणि दोघं मिळून पुन्हा मांडा, नाहीतर तक्रार करा.

बुधवारी आम्ही चॅपलमागच्या त्या खोलीत बसलो. मोडक्या खुर्च्या, भजनी मंडळाचे पांढरे झगे, भिंतीशी एक जुनी पेटी. बाहेर भुरभुर पाऊस. तो दाराजवळ बसला, मी शक्य तितकी लांब. खोली लहान होती, त्याला माझा इलाज नव्हता.

"आधी तू," मी म्हणाले. "सांग, मी का रागावले?"

"नोकरी हातची गेली म्हणून."

"चूक."

"मालकांसमोर फजिती झाली म्हणून."

"चूक. माझी फजिती करायला तुझ्याहून मोठी माणसं लागतात."

"तुझे कान लाल झालेत."

"माझ्या कानांशी तुझा काय संबंध?"

"काही नाही… रागावलीस की होतात. आधी डावा, मग उजवा."

"गाऱ्हाणं सांग, घुम्या."

तो पेटीच्या पट्ट्यांवरून बोट फिरवत बसला. पेटीत हवाच नव्हती, त्यामुळे नुसती खटखट.

"बायकांचं तुला काही वाटत नाही, असं मला वाटलं म्हणून?"

"नदीकाठचा तो जुना बॉयलर बसला की धुलाईघरच बसेल. मग इस्त्रीवाल्या काय आणि गाडीवाले काय, सगळेच घरी. माझ्या घरी एक माणूस घरी बसलाय, मला शिकवू नकोस. तुझ्याकडे दुसरा उपाय होता?"

"कंपनीने स्वतःची बस सुरू करायची."



"बस," मी म्हणाले. "एक बस. अरे, हे मला सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी बस घातली असती त्यात. खर्चासकट घातली असती. मालकांना पटवूनही दिली असती. बससाठी तू माझं वाटोळं केलंस?"

 मान खाली घालून, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा तो बोलला.

"तू रागावलीस, कारण मी तुझ्याआधी जगाला सांगितलं. आणि तुला वाटतंय की… तीन महिने मी तुझ्या शेजारी बसलो, ते सगळं नाटक होतं."

मी झग्यांकडे तोंड फिरवलं. माझे डोळे त्याला दिसायला नको होते.

"हो," मी म्हणाले. "असंच."

पाऊस वाढला होता.

"आता तू," तो म्हणाला.

"तुझं कसलं आलंय गाऱ्हाणं?"

"आहे. तुला आधी का नाही सांगितलं, ते."

"मी भडकेन म्हणून."

"चूक. तू भडकतेसच."

"मी ऐकून घेणार नाही म्हणून."

"चूक. कितीदा ठरवून यायचो मी. तू मान वर करून 'काय रे?' म्हणायचीस, आणि मी म्हणायचो, काही नाही… चहा घेणार का?"

मला ते सगळे चहा आठवले. नको असलेलेही प्यायले होते.

"म्हणजे… तुला मला नाही म्हणता येत नाही," मी म्हणाले. "भरल्या सभेत येतं, माझ्या एकटीसमोर येत नाही."

"अर्धं बरोबर."

"अर्धं म्हणजे?"

"का येत नाही, ते राहिलं."

"ते मी सांगायचं?"

"माझं गाऱ्हाणं तुझ्या तोंडून यायला हवं. नियम आहे."

"तुझ्यासारखा आतल्या गाठीचा माणूस मी जन्मात पाहिला नाही."

"उजवा पण लाल झाला."

"कारण तुझं…" मी दात आवळून म्हणाले, "माझ्यावर… प्रेम आहे." शिवी दिल्यासारखंच म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "असंच."

मला इतका राग कधीच आला नव्हता. इतर मुलींना हे समोरून ऐकायला मिळतं. कुणी फुलं आणतं, कुणी निदान अडखळतं तरी. माझ्याकडून ते वदवून घेतलं होतं, आणि समोरचा नुसता हो म्हणून मोकळा.

"आता तुझं मी सांगू?" त्याने हळूच विचारलं.

"खबरदार."

"अर्धंच…"

"एक अक्षर नाही. माझं मी सांगेन. सवडीने." मी उठले, त्याची बाही धरली आणि त्याला ओढत सिस्टरांच्या दारात नेलं.

"समेट?" सिस्टरांनी माझ्या हातातली बाही पाहत विचारलं.

"झाला."

"तक्रार?"

"सोडली. राग सोडलेला नाही."

"तो सोड असं मी म्हटलंही नव्हतं. मग शुक्रवारी?"

"दोघं जाणार. बस घालून. आणि हा मध्येच काही बोलला, तर मी याला सगळ्यांसमोर गप्प करणार."

"आधी एकट्याला गाठून," सिस्टर म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. चष्मा स्वच्छ होता.

व्हरांड्यात पावसाचे शिंतोडे येत होते. तो ओल्या बाजूने चालत होता, माझ्या पावलाशी पाऊल जुळवत.

"बोल काहीतरी," मी म्हणाले.

"अजून राग आहे?"

"आहे."

"किती दिवस?"

"तुला घाई आहे का कुठे जायची?"

"नाही," तो म्हणाला आणि माझा हात हातात घेतला. मी तो सोडवून घेतला, नुसतं कळावं म्हणून. मग परत दिला.

कंपनीतली ती जागा त्याआधी सोमवारीच भरली होती. मालकांच्या भाच्याला घेऊन.