दगडाचं बारसं

माधवी बारामतीहून आली तेव्हा मानसिंगराव ओट्यावर डाळिंबं निवडत बसले होते. तडकलेली एका पाटीत, बाजारची दुसरीत. शाळेतून विज्ञानाचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना दोनच कामं उरली होती, वाचणं आणि निवडणं. आणि दोन्हींत आपलं काहीतरी चुकतंय असं त्यांना सारखं वाटे.

नातीनं स्कूटी लिंबाखाली लावली आणि हेल्मेट काढायच्या आतच ओरडली, "आबा, माझ्या दगडाला नंबर मिळाला!"

हा दगड म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला एक लघुग्रह. माधवी अकरावीत असताना कॉलेजात मुलांना मोठ्या दुर्बिणीनं टिपलेली छायाचित्रं संगणकावर तपासायला दिली होती. शेकडो ठिपक्यांत एक ठिपका जागचा हलला होता, तो तिला दिसला. आता ती त्याच कॉलेजात शिकवत होती.

"म्हंजे आता काय?" सरुबाईंनी दारातून विचारलं. त्या नातीसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या.

"आता नाव, आजी. इतके दिवस नुसतं साल आणि दोन अक्षरं होती. त्याची फिरायची वाट पक्की झाली की नंबर मिळतो, आणि मग ज्यानं शोधला त्यानं नाव सुचवायचं. वर समिती बसते, ती बघते. लांबलचक चालत नाही, दुसऱ्यासारखं चालत नाही, दुकानाचं तर नाहीच नाही."

"आदीच का न्हाय ठिवत नाव?"

"काही हरवतात ना. एकदा दिसतात आणि परत सापडतच नाहीत. टिकतोय का ते बघायचं, मग नाव."

सरुबाई हातातल्या तांब्याकडं बघत राहिल्या. "आपल्यासारखंच की," त्या म्हणाल्या. "बाराव्या दिवसापतुर थांबायचं."

मानसिंगरावांचा हात डाळिंबावर थांबला.

"माझ्या पोरीचं नाव द्या त्येला," सरुबाई म्हणाल्या आणि तांब्या खाली ठेवून आत गेल्या.

माधवीनं आबांकडं पाहिलं. आजीआबांची मुलं म्हणून तिला फक्त वडील आणि चुलते माहीत होते. मानसिंगरावांना सगळं सांगावं लागलं, आणि सांगताना आपण हे आयुष्यात पहिल्यांदाच बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

पहिली मुलगी होती. बारसं उद्यावर आलं होतं. पाळणा बांधून झाला होता, घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते, आणि सकाळी पोर गार लागली. हरभऱ्यांना मोड आले तरी टाकायला कुणी उठलं नाही. शेवटी सरुबाईंच्या सासूनं ते म्हशीपुढं ओतले. मानसिंगरावांनी पोरीला बांधाला पुरलं आणि कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडा ठेवला. पुढं पाण्याची चारी रुंद करताना तो बांधही गेला. सरुबाई त्या पोरीविषयी कधी बोलल्या नाहीत. नावच नाही त्याची आठवण काढायची तरी कशी, अशी मानसिंगराव स्वतःची समजूत घालत.

"मग नाव काय होतं?" माधवीनं विचारलं.

"ते दगडाबाईला ठाऊक."

दगडाबाई त्यांची थोरली बहीण, अंथुर्ण्याला दिलेली. नाव आत्यानं निवडायचं आणि बाळाच्या कानात सांगेपर्यंत मनात ठेवायचं, अशी रीत. कान राहिला नाही, म्हणून तिनं ते मनातच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिघं अंथुर्ण्याला गेली. दगडाबाई दारातल्या बाजेवर मिश्री लावत बसली होती. नव्वदीची बाई, पण जीभ तशीच. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं चूळ भरली.

"मान्या, आभाळातला दगड हलला त्ये तुमास्नी कळतंय. बायकूच्या काळजावरचा इतकी वरसं कळला न्हाय व्हय रं?"



"वन्सं, नाव सांगा," सरुबाई म्हणाल्या.

"सांगते की. पर तुमच्या कानात कशाला? जिचं तिच्या कानात." दगडाबाईनं माधवीकडं वळून पाहिलं. "माझ्या आदी दोन गेली, म्हणून आईनं मला दगड म्हणून ठिवलं. यम आला, म्हणाला, धोंडं काय न्यायचं वझ्याला! तवा ऱ्हायले. नाव काय साधं नसतंय, पोरी. करा बारसं. मी येते."

"कुणाचं बारसं, आक्का?" मानसिंगरावांनी विचारलं.

"त्या दगडाचंच."

हे हसण्यावारी न्यावं असं मानसिंगरावांना वाटलं. पण सरुबाईंचा चेहरा पाहून ते बरं म्हणाले.

बारशाच्या दिवशी शेजारच्या साखरबाईच्या माळ्यावरून पाळणा आला. "मास्तर, पुढल्या वर्साला जात्याचं लगीन लावू," ती म्हणाली, आणि जमलेल्या चारपाच बायका खळखळून हसल्या. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात, हे त्यांतल्या प्रत्येकीनं केलेलं होतं. त्याला बाळासारखं नटवायचं, पाळण्याखालून एकीनं द्यायचा, वरून दुसरीनं घ्यायचा, आणि मग बाळाची पाळी. इथं वरवंट्यामागं बाळ नव्हतं, एवढाच फरक.

सरुबाईंनी वरवंटा कढत पाण्यानं न्हाऊ घातला. झबलं घातलं, टोपरं बांधलं, तीट लावली.

दुपार कलली होती. मानसिंगराव उंबऱ्याशी उभे होते, आत पाऊल टाकावं की नाही हे न ठरवता. पहिल्या फेरीला थट्टा चालली होती. दुसऱ्या फेरीला ती कमी झाली. मग नुसता बांगड्यांचा आवाज उरला. मानसिंगरावांच्या ध्यानात आलं की प्रत्येक बाई घेताना एक तळवा टोपऱ्याखाली धरते आहे. तान्ह्या पोराची मान सावरतात तसा.

वरवंट्याला मान नसते.

"मामी," साखरबाई हळूच सरुबाईंना म्हणाली, "ह्यो अजून गरमच हाय."

"कढत पाणी होतं," मानसिंगराव दारातून म्हणाले. तासाभरापूर्वीचं, हे ते म्हणाले नाहीत.

"आन् हलका व्हतोय," दुसरी म्हणाली.

वरवंटा पाळण्यात ठेवला. दगडाबाई काठी टेकत पुढं आली, वाकली, आणि टोपऱ्याच्या कडेशी तोंड नेलं. एक नाव सांगायला जेवढा वेळ लागतो त्याहून ती जास्त वेळ वाकून राहिली. सांगून झालं की आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायच्या असतात. बायका विसरल्या.

"आता मोठ्यानं सांगा ना, आत्याआजी," माधवी म्हणाली.

दगडाबाईनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग ती खाली बसली.

"माझ्यापाशी न्हाय आता."

"विसरलात?"

"इसरायला काय झालंय? इतकी वरसं सांभाळलं. दिलं तिला. दिल्यावर आपल्यापाशी कसं ऱ्हाईल?"

माधवी आबांकडं बघू लागली. सरुबाईंनी मात्र काहीच विचारलं नाही. त्यांनी पाळण्यातून वरवंटा उचलला, भिंतीकडं तोंड करून बसल्या आणि पदर ओढून घेतला. बराच वेळ त्यांची पाठ तेवढी दिसत होती. मागं पुढं, मागं पुढं.

त्या वळल्या तेव्हा चोळी पुढून भिजलेली होती.

"पाणी सांडलं आसंल," कुणी न विचारताच दगडाबाई म्हणाली.

त्या खोलीत पाणी नव्हतं.

नाव सरुबाईंना कळलं होतं. कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून दिवेलागणीला त्या अंगणात उभ्या राहू लागल्या आणि खेळायला गेलेल्या पोराला मारतात तशी हाक मारू लागल्या. मानसिंगरावांना ती स्पष्ट ऐकू येई. छोटंसं, गोड नाव होतं. माधवीला कळवू या, म्हणत ते फोनपाशी जात, आणि फोन हातात घेईतो नाव गेलेलं असे.

म्हातारपण असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी सत्तावीस नक्षत्रं म्हणून पाहिली. एकही चुकलं नाही.

शेवटी एकदा त्यांनी बायकोलाच विचारलं. ती जवळ आली, त्यांच्या कानाशी वाकली आणि नाव सांगितलं. मानसिंगरावांना एकदम हुंदका फुटला. आपण पुरलं ते कोण होतं, हे त्यांना त्या एका क्षणी कळलं. मग नाव निघून गेलं. रडू तेवढं राहिलं, आणि आपण कुणाला रडतोय ते त्यांना आठवेना.

"असू द्या," सरुबाईंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. "तुमी बाप. तुमास्नी ती सोताच्या तोंडानं सांगंल."

पाऊसकाळ सरला आणि एका संध्याकाळी माधवीचा फोन आला.

"आबा, नावाचं राहू द्या सध्या."

"काय झालं?"

"नवीन फोटो आलेत. दगड जिथं पाहिजे तिथं नाही."

"हरवला?"

"नाही. दिसतोय. नीट दिसतोय. पहिल्यापेक्षा ठळक."

मानसिंगराव खाटेवर बसले.

"तीन ठिकाणी गणित करून बघितलं, आबा. सगळ्यांचं एकच येतंय. त्यानं वाट सोडलीय. असं होत नसतं. काहीतरी कारण लागतं, कुणीतरी ओढावं लागतं. जवळपास काहीच नाही." तिचा आवाज बारीक झाला होता. "आमचंच काहीतरी चुकतंय. चुकत असणार."

"वाट सोडून कुठं चाललाय?"



"आत वळलाय, आबा. आपल्याकडं."

बाहेर दिवे लागायची वेळ झाली होती. सरुबाई अंगणात उभ्या होत्या. आभाळात अजून एकही चांदणी नव्हती, तरी त्या एकाच ठिकाणी बघत होत्या. मानसिंगराव फोन कानाला तसाच धरून दारापर्यंत आले.

आजची हाक मोठी नव्हती. लांबच्याला मारतात तशी नव्हती. वाटेच्या वळणावर दिसू लागलेल्या पोराशी आई बोलते, तेवढ्याच आवाजात सरुबाई म्हणाल्या,

"पळू नगं गं. पडशील."