मागच्या सीटवरचे साहेब

आमच्या सेडानला खड्ड्यांची भारी ओढ. रस्त्यावर काडेपेटी पडली असली तरी तिच्यावरून जाताना आमची हाडं खिळखिळी व्हायची. "अरे, ही गाडी आहे की चाळणी?" असं बायको विचारायची आणि मी ते हसण्यावारी न्यायचो.

मग आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. "घरी न्या," डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "पण जोराचा दणका बसला तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल." त्या टेबलाचा आईने धसकाच घेतला होता. अ‍ॅम्ब्युलन्सला तिची ठाम ना. आडवं होऊन घरी यायचं नाही, हा हट्ट. मी थेट गॅरेज गाठलं.

मिस्त्रींनी नवे शॉकअप आणि मऊ स्प्रिंगा बसवल्या. त्यांची एक रीत होती. शेवटचे बोल्ट आवळताना घरची माणसं आपापल्या जागी बसलेली हवीत. रिकाम्या गाडीत आवळले तर सांध्यांमधले रबरी बुश पिळवटतात आणि दणके तसेच राहतात. मला ते पटलं. मी स्टिअरिंगपाशी बसलो, शेजारी बायको, आणि मागे डावीकडे आईच्या वजनाचं वाळूचं पोतं. बायकोने पोत्याला सीटबेल्टही लावला.

"मागचे साहेब, जरा हलू नका," खालून मिस्त्रींचा आवाज आला.

बायको फिस्सकन हसली. "सासूबाईंचे साहेब झाले!"

"पोतं नाही हो वहिनी. उजवीकडचे."

आम्ही दोघांनी मागे वळून पाहिलं. उजवीकडची सीट रिकामी होती.

मिस्त्री बाहेर आले, हात पुसत त्यांनीही आत डोकावलं. "मी खालून वजन बघतो, चेहरे नाही बघत," ते म्हणाले. "आता बसलेच आहेत तर त्यांच्यासकट आवळलंय."

असल्या गप्पांवर माझा काडीचा विश्वास नाही. घरी सपाट फरशीवर गाडी उभी करून मी मोजपट्टी लावली. पोतं काढल्यावर डावी बाजू वर आली. उजवी मात्र चांगली दोन बोटं खालीच. स्प्रिंग सदोष आहे म्हणून मी फोनवर मिस्त्रींना झापलं.

"साहेब उतरले की येईल वर," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी चडफडत गाडी मुद्दाम सगळ्यात वाईट रस्त्याने नेली. बायकोच्या हातातल्या कपातला चहा हिंदकळलासुद्धा नाही.

"कुणी का असेना," ती म्हणाली. "आईंना दणका बसत नाही ना? मग बसू दे त्याला."

मीही मान डोलावली. आईसाठी मी तेव्हा कशालाही हो म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला घेऊन निघालो. मागे ती काहीतरी पुटपुटत होती. मग आवाज थांबला. मी आरशात पाहिलं.

आई झोपली होती. तिचं डोकं उजवीकडे कललं होतं आणि कशावरतरी टेकलेलं होतं. तिथे काहीच नव्हतं.

मी वेग वाढवला नाही. हिंमतच झाली नाही.

"दुखलं का गं?" दारात गाडी थांबवून मी विचारलं.

"छे! वळणावर यांनी धरून ठेवलं ना."

"कुणी?"

"अरे, तूच तर त्यांना बसवलंस!"

बायको तिला हळूहळू आत घेऊन गेली. मी मागे वळलो. गाडीचा उजवा कोपरा सावकाश वर येत होता. आला, आणि गाडी अगदी समतल झाली. मला इतकं हायसं वाटलं की मिस्त्रींना मनातल्या मनात हात जोडले.

आत आई पलंगाच्या अगदी कडेला पडली होती.

"आई, मध्ये सरक. पडशील ना!"

"हळू बोल," ती म्हणाली. "एवढं सांभाळून आणलं, त्यांना बाहेर कसं उभं ठेवायचं?"

तिच्या पलीकडे गादी हळूहळू खाली दबत गेली. मग उशीत खळगा पडला.